घारबेटाची दुसरी वाट

शिव्या दिल्याशिवाय पाशामियाँची जीप चालू होत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. चावी फिरवायची, इंजिनाच्या सात पिढ्या उद्धरायच्या, मग कुठं ती गाडी खोकून धूर सोडायची. माणूस लातूरजवळच्या मुरुडचा. बाप घोड्यांना नाल ठोकायचा, ह्यानं जीप घेतली. पण बोलणं मात्र घोडं लाथ मारतं तसंच राहिलं. मला तो लई आवडायचा. भांडकुदळ माणसाशेजारी बसून फिरायला जी मजा येते, ती गोड माणसाशेजारी येत नाही.

आमची ओळख भूकंपाची. किल्लारीकडं पत्रे, तंबू, डॉक्टर, साहेब असं काय काय वाहून न्यायला गाड्या पुरत नव्हत्या, तेव्हा हा रात्रंदिवस जीप हाकत होता आणि मी पत्रे उतरवायला गेलेलो. पत्र्याची कड लागून माझा अंगठा फाटला. रक्त बघून हा म्हणाला, "रामकिशन, अंगूठा संभाल रे. सरकार तेरेकू उसीसे पहचानती."

"मी सातवी पास हाय," मी म्हणालो. "सही करतो."

"तो फिर रोता कायकू? कटने दे!"

असा दोस्त. मदतीचं काम संपलं, साहेब लोक गेले आणि जीप मुरुडात लिंबाखाली उभी राहिली. त्याची बायको, आबेदाभाभी, टपावर मिरच्या वाळत घालू लागल्या. तेवढ्यात लातुरात क्लासचं पीक आलं. जिथं कडब्याच्या गंज्या होत्या तिथं पाट्या लागल्या, आणि कोकणापासून नागपुरापर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला आमच्या उन्हात येऊन पडली. आठवडाभर ती पोरं कोंडलेल्या कोंबड्यांसारखी खोल्यांत वाचत बसायची. पाशामियाँनं बरोबर हेरलं. रविवारी सकाळी क्लासच्या गल्लीत जीप उभी करायची, पोरं भरायची आणि डोंगर दाखवून संध्याकाळी परत सोडायची. कधी उदगीरचा किल्ला, कधी खरोशाची लेणी. पण खरोशाला हा बाहेरच थांबायचा. लेण्यात पाऊल टाकायचा नाही. भूकंपाच्या गावांत ढिगाऱ्यांखालनं त्यानं जे उपसलं होतं, त्यानंतर डोक्यावर दगड असलेल्या जागी त्याचा जीव घुसमटायचा.

म्हणून त्याचं खरं ठिकाण आमचं घारबेट. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, आमच्या गावाच्या शिवारात एकटीच उभी असलेली ती टेकडी. वर झाड नाही, देऊळ नाही. नुसतं सपाट खडकाचं पठार आणि वारा. खाली मांजरा नदीपर्यंत तुरीची आणि जोंधळ्याची रानं. वर पोचला की पाशामियाँ टोपी काढून आडवा व्हायचा. "यहाँ सर पे गिरनेकू कुछ नई," एवढंच म्हणायचा, आणि आठवड्यातनं तेवढाच वेळ त्याच्या तोंडातनं शिवी निघायची नाही. पोरांनी पुस्तक काढलं तर मात्र हिसकावून घ्यायचा. "अर्धे डॉक्टर! पहाड देखो! किताब में पहाड नई रहता!"

आता बेटाला जायची वाट एकच, आणि ती सरजाबाईच्या रानातनं. ही माझी चुलत भावजय. नवरा लवकर गेलेला, रान एकटीनं ओढलेलं. भूकंपात तिच्या घराची भिंत उभी फुटली तेव्हापासून ती गावात झोपत नव्हती. रानात कडब्याची कोप बांधून तिथंच राहायची. पंचायतीची माणसं समजूत काढायला गेली तर त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. कुत्र्याचं नावही तिनं तलाठी ठेवलेलं. पोरं बांधावरनं जातात, एवढं ती सहन करत होती. कुरकुरत, पण करत होती.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी घोटाळा झाला. पाशामियाँ जीपच्या सावलीत झोपला होता. चिपळूणची सुकन्या नावाची पोरगी, हुशार बिचारी, तिला वाटलं पाशामामूला चहा करून द्यावा. कोपीजवळ आंब्याच्या बुडाशी चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले दिसले. तिनं त्यातले तीन उचलले, चूल मांडली, काटक्या पेटवल्या आणि वर पातेलं ठेवलं.

आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: ते आमचे पांडव. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावस्येला, आम्ही सगळी शेतात जातो, त्या पाच दगडांना चुना देऊन पूजतो आणि मग जेवतो. वर्षभर त्यांना कुणी पाय लावत नाही.

सरजाबाई विहिरीवरनं आली. तिनं काजळी धरलेले भीम आणि अर्जुन बघितले. पातेल्याला अशी लाथ घातली की चहा तुरीत गेला.

"पांडव जाळले गं माझे! कुठं हाय तो जीपवाला?"

पाशामियाँ डोळे चोळत उठला. काय झालं ते बघितलं आणि चटकन समजलाही; आमच्याच मातीतला माणूस. सुकन्या रडत पाया पडली. सरजाबाईनं तिला हातानं उठवलं.

"तुला ठावं नव्हतं बाई, तू परमुलखाची. ह्याला ठावं हाय." आणि पाशामियाँकडं वळली. "एकदा म्हण, चुकलं म्हणून."

"मैं सोया था. मेरा क्या चुक्या?"

"झोपला हे चुकलं."

"झोपना गुन्हा है क्या? तू सोती नई?"

"मी माझ्या रानात झोपते. तू लोकांची लेकरं घेऊन माझ्या रानात घोरतोस. म्हण, चुकलं."

"नई बोलता जा!"

"मग तुझी जीप ह्या रानात पुन्हा दिसली तर टायरात विळा घालीन."

दुसऱ्या दिवशी वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पडल्या, माणसाच्या छातीएवढ्या. पाशामियाँचे रविवार बंद. पोरं दुसरीकडं जायला तयार होती, पण ह्याचाच पाय दुसरीकडं वळत नव्हता. मी म्हटलं, "अरे, एक शब्द तर हाय. म्हणून टाक." तर माझ्यावरच उखडला, "तू उसकी तरफ का है!" तिकडं वैनीला म्हटलं, "जाऊ द्या की." तर ती म्हणाली, "भावजी, तुम्ही त्या जीपच्या धुरानं काळे झालाव." दोन्हीकडनं शिव्या खाऊन मी घरी यायचो आणि पोट धरून हसायचो.

येळवस जवळ आली तसा पाशामियाँच्या डोक्यात किडा वळवळला. येळवशीला शेतात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, मग तो वैरी का असेना; वाट अडवणं तर लांबच. क्लास बंद, मेसचे आचारीसुद्धा आपापल्या शेतात गेलेले, पोरं उपाशी. ह्यानं जीप भरली आणि थेट घारबेटाखाली आणली. मी माझ्या रानातलं जेवण सोडून बघायला धावलो.

काट्या बाजूला केलेल्या होत्या. पाशामियाँनं मिशीला पीळ दिला. "देख्या? आज बुढ्ढी के हात बंधे."

सरजाबाई कोपीच्या दारात उभी होती, नवं लुगडं नेसून. पांडव पांढरेशुभ्र. ती हसली. तिला हसताना बघून मला धडकीच भरली.

"या, या. पाहुणं आले. बसा पंगतीला. मग चढा की बेट, कोण नको म्हणतंय?"

बसली बिचारी. भज्जी आली, सगळ्या शेंगा-भाज्यांची, बेसनात घोटलेली. बाजरीचे उंडे आले. गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि मडक्यातली आंबट-गार आंबील. पोरं जन्मात जेवली नसतील असं जेवली. पाशामियाँनं ताटावर हात आडवा धरला.

"बस."

"बस कसं? पांडव कोपतील. धर ताट!"

"अरे, पेट है का पोतं है?"

"मुरुडची माणसं एवढीच खातात व्हय? बापानं घोडी सांभाळली म्हणं, आणि खुराक कोंबडीचा!"

बापाचं नाव निघालं आणि हा भडकला. हात काढला. "डाल! देखता मैं!" ती वाढत गेली, हा खात गेला. एकमेकांकडं असे बघत होते की मधली खीर उकळावी. आंबिलीचा तांब्या तर तिनं त्याच्या हातातनं खाली ठेवूच दिला नाही. आंबील अशी चीज आहे की पिताना हलकी लागते आणि उठताना कळते.

ऊन कलायला लागलं तेव्हा अर्धे डॉक्टर आंब्याखाली पसरलेले होते. पाशामियाँ कोपीच्या बाहेर उताणा पडून आभाळाकडं बघत होता. सरजाबाई त्याच्या उशाशी येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"चढ की आता बेट. वाट मोकळी हाय."

तो एका कुशीवर वळायला गेला, पण तेही जमलं नाही. नुसता कण्हला.

अंधार पडायच्या आत मी आणि सुकन्यानं त्याला धरून जीपमध्ये स्टेअरिंगमागं कोंबलं. जीप रस्त्याला लागली न लागली, तोवर मागं काट्या परत ओढल्याचा आवाज आला.

ह्या मारानं मात्र गडी पेटला. बेटाच्या पाठीमागं गायरान आहे. कुणाच्या मालकीचं नाही, पण चढ सरळसोट आणि बोरीची जाळी. पाशामियाँनं पहार आणली, कुदळ आणली. दर रविवारी पोरं घेऊन यायचा आणि वाट फोडायचा. पोरांना वाटायचं, ही पण सहलच. प्रत्येक दगड उपसताना सरजाबाईच्या नावानं एक शिवी. मी सावलीत बसून सल्ले द्यायचो, म्हणून मधूनमधून मलाही एक. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा वाट माथ्याला टेकली. वेडीवाकडी, पण कुणाच्या बांधाला न शिवणारी.

शेवटची पायरी खोदून पाशामियाँनं पहार टाकली, घाम पुसला आणि टोपी काढत वर डोकं काढलं. समोर वाटेच्या तोंडावर बाभळीची फांदी आडवी. आणि फांदीपलीकडं, खडकावर मांडी घालून, सरजाबाई. आपल्या वाटेनं आधीच येऊन बसलेली. तलाठी शेजारी.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"बेट क्या तेरे बाप का है?"

"तेच इचारायला आले. तुझ्या बापाचं हाय का?"

ह्यानं फांदी उचलून दरीत भिरकावली. दोघांत जी जुंपली, ती पोरांनी वाऱ्यात उभं राहून ऐकली. पुस्तक कुणी काढलं नाही. दमल्यावर पाशामियाँ पूर्वेच्या कडेला जाऊन आडवा झाला, ती पश्चिमेच्या कडेला बसली. पाठीला पाठ. डोक्यावर दोघांच्याही काही नव्हतं. मधे मी, दोन्हीकडनं ऐकून घेत.

त्यानंतर किती रविवार तसेच गेले. आता जीप विकली. पाशामियाँ मुरुडात अंगणात बाज टाकून झोपतो, पावसातसुद्धा ओसरीवर येत नाही म्हणून आबेदाभाभी बोंबलतात. बेटावर जाणारे आता त्यानं फोडलेल्या वाटेनंच जातात. गाव तिला पाशाची वाट म्हणतं. हे नाव सरजाबाईच्या कानावर गेलं त्या दिवशी ती जेवली नाही.

येळवशीला त्याचा फोन येतो. "वो बुढ्ढी जिंदा है?"

"हाय."

"काँटे अभी बी लगाती?"

"लावती."

"लगाने दे. मैं नई बोलनेवाला."

मी आंबिलीचा तांब्या घेऊन वैनीच्या कोपीवर जातो. ती पांडवांना चुना देत असते, मान वर न करता विचारते, "तो मेला का?"

"न्हाई वैनी. ठणठणीत हाय."

"चुकलं म्हणाला का?"

"न्हाई."

"मग उद्या काट्या नव्या टाका भावजी. जुन्या सुकल्यात."