पाठीखालची पाकळी

सकाळी पंचवटीत फुलं विकून ती दुपारी शुश्रूषा केंद्रात येते. तिची अंथरुणाला खिळलेली सासू माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर आहे. आमची रोज गाठ पडते, पण तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय आहे. "जेवली का? जेवली का?" निघताना ती सासूच्या पाठीखाली झेंडूची पाकळी सरकवते. मला वाटायचं, देवाची असेल.

गेल्या मंगळवारी सिस्टर तिला म्हणाल्या, "दर दोन तासांनी आम्ही कूस बदलतो." खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर तशा खुणाही होत्या. तिनं वाद घातला नाही, सासूला अलगद वळवलं. चेंगरलेली पाकळी पाठीला चिकटली होती आणि भोवतालची कातडी लालभडक झाली होती.

"कालची हाय, सिस्टर. कालची हाय."

सिस्टरनी तक्ता काढून बगलेत धरला. मीच घाईनं म्हणालो, "आमच्या आईचं मात्र नीट करतात हं. केस रोज विंचरलेले असतात."

"भाऊ, तुमच्या आईखालीबी ठेवली व्हती. परवा."

हे ती एकदाच बोलली. मी आईच्या पाठीखाली हात घातला. बोटांना चिकटलेली पाकळी लागली, ओलसर.