दानियारच्या दारातला पाट

पाणी सुटणार त्या सकाळी मी एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच करून त्याला खुर्चीत सोडलं आणि रस्त्यावर पळालो. तोही माझ्यामागे पळाला, गळ्यातल्या फडक्यासकट. आमच्या चिनारकेंतच्या मुख्य रस्त्यावर इतकी माणसं मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो. आणि हे सगळं घडवून आणलं होतं एका बाईनं. मुकर्रम ओपा तिचं नाव. ओपा म्हणजे थोरली बहीण, आणि ती अख्ख्या रस्त्याची थोरली बहीण होती. टोप्या शिवायची. वय सत्तरीकडे झुकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि जीभ अशी की नगरकचेरीतले शिपाई ती लांबून दिसली तरी वाट बदलायचे.

हा रस्ता एके काळी काय होता ते आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. हसू देत. दोन्ही कडेला तुतीची झाडं, झाडांखाली वाहता पाट, पाटाच्या काठानं मांडलेल्या बाजा आणि त्यांवर मांडी घालून चहा पिणारी माणसं. रेशीम कारखान्याची पाळी सुटली की बायका पाटात हातपाय धुवायच्या आणि थेट सिनेमाला जायच्या. ओपा त्यांच्यातलीच, दिवसभर कोष उकळणारी. सिनेमाच्या दारात मुरादअली नावाचा एक लाजरा माणूस तिकिटं फाडायचा. हिचं तिकीट मात्र तो न फाडताच परत द्यायचा. तेवढ्यावरच आमचं लग्न झालं, असं ती सांगायची, आणि सांगताना दरवेळी लाजायची.

मग कारखाना बंद पडला. सिनेमा बंद पडला. मुरादअली गेला. बाजार उठून हमरस्त्याला जाऊन बसला. वर कालव्याचं लोखंडी दार गंजून घट्ट झालं आणि आमचा पाट आटला. लोकही असे, पाणी गेल्यावर त्यात बाटल्या टाकायला लागले. जवान पोरं रशियात कामाला गेली, दुकानांना कुलपं लागली. उरलो मी हमदम न्हावी, ओपा आणि कोपऱ्यावरचा नानवाला.

ओपाचा मुलगा दानियार सायकली दुरुस्त करायचा. त्याचं दुकान तिच्या आणि माझ्या दुकानाच्या मधोमध. तोही बांधकामावर गेला. आधी दर जुम्म्याला फोन यायचे, मग कमी झाले, मग थांबले. कुणी म्हणे तिकडेच संसार थाटला. कुणी त्याहून वाईट म्हणे, पण ओपाच्या कानावर जाईल असं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. आपल्या दारापुढचं आपण झाडायचं, सडा आपण मारायचा, पाटाचा तेवढा तुकडा आपण साफ ठेवायचा. दुसऱ्याच्या दारापुढे झाडू लावायचा नाही. शेजारी येऊन तुमचं दार झाडतात ते एकाच दिवशी, घरातून मयत निघते त्या दिवशी. म्हणून दानियारचं दार कुणी झाडलं नाही. ओपानंही नाही. विचारलं तर म्हणायची, आळशी आहे लबाड, आला की पहिलं झाडायलाच लावते. त्याच्या दारापुढचा पाट गाळानं भरला, गवत माजलं, आणि त्या गवतात कमरेइतकं तुतीचं रोप उभं राहिलं.

गेल्या पानगळीत कचेरीतल्या इल्हाम साहेबांनी ठरवलं की हा पाट बुजवायचा आणि वर डांबर ओतून गाड्या लावायला जागा करायची. ओपा कचेरीत जाऊन ठाण मांडून बसली. रस्त्यावर माणूसच फिरकत नाही तर गाड्या कुणाच्या लावणार, तुमच्या सासऱ्याच्या, असं तिनं भर कचेरीत विचारलं म्हणे. साहेब बाहेरगावचे, स्वभावानं बरे, पण त्यांच्या नाकीनऊ आले. शेवटी म्हणाले, नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या दिवशी, पाणी खालच्या चौकापर्यंत वाहताना दाखवा, पाट राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी यंत्र येईल.

मग काय विचारता! ओपानं हशर पुकारलं. हशर म्हणजे सगळ्यांनी बिनमजुरी उतरायचं गावकाम. दार न दार फिरली ती. लोहाराला हाताला धरून कालव्यावर नेलं आणि गंजलेलं दार हलवून घेतलं. कुलूपबंद दुकानांच्या मालकांना रशियात फोन लावले, आणि त्यांनी तिकडून आपापल्या चुलतभावांना हुकूम सोडले. कुदळी निघाल्या, फावडी निघाली. पाणी यायच्या आधीच बाजा आल्या! चहाखान्याच्या म्हाताऱ्यानं चहाच्या पाण्याचा समोवार घासून लखलखीत केला, आइस्क्रीमची गाडी कुठूनशी उगवली, सिनेमाच्या पडवीत कुणीतरी चपलांचं दुकान मांडलं. मी स्वतः आरसा बदलला. आनंदानं झोप लागेना मला, खोटं कशाला सांगू.

फक्त एक तुकडा तसाच राहिला. सगळ्यांनी दानियारच्या दारापर्यंत साफ केलं आणि त्याच्या पलीकडून पुन्हा सुरुवात केली, जणू मध्ये काही नव्हतंच. प्रत्येकाला वाटलं, ओपा शेवटी स्वतः करेल. तिला कोण विचारणार?

आणि नवरोजची सकाळ झाली. वरून आरोळी आली, सुटलं! पाणी आलं ते गढूळ, फेसाळ, पाचोळा आणि एक जुनी चप्पल पुढे ढकलत. पोरं त्याच्याबरोबर धावायला लागली, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे माझं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. बायका पाटात ओंजळी घालून एकमेकींवर पाणी उडवत होत्या. पाणी नानवाल्यापुढून गेलं, चहाखान्यापुढून गेलं, माझ्या दुकानापुढून गेलं आणि दानियारच्या दाराशी थांबलं.

थांबलं म्हणजे चढायला लागलं. काठावरून रस्त्यावर आलं, इल्हाम साहेबांच्या चकचकीत बुटांत शिरलं.  मी कुदळ उचलली आणि हातातच धरून राहिलो. साहेबांना यातलं काय माहीत? त्यांनी ड्रायव्हरला खूण केली, त्यानं फावडं घेतलं आणि गाळात घातलं.

"फावडं खाली ठेव," ओपा म्हणाली. "माझा मुलगा जिवंत आहे."

ड्रायव्हर बिचारा गोंधळला. साहेब म्हणाले, "ओपा, चौकापर्यंत ठरलं होतं आपलं. मी काय लिहू?"

 पाणी ओपाच्या दुकानाच्या उंबऱ्याला लागलं होतं.  वाटलं, संपलं, उद्या यंत्र येणार. तेवढ्यात ओपानं चष्मा काढून माझ्या हातात दिला, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि झग्यासकट पाटात उतरली. पहिला घाव गाळात घातला. मग वळून सगळ्यांवर खेकसली.

"बघताय काय? मयताचं दार शेजारी झाडतात. नवरदेव यायचा असला की अख्खी गल्ली सडा मारते का नाही? माझा पोरगा यायचाय. उतरा खाली!"

अहो, बांध फुटावा तशी माणसं उतरली. कुणी हातांनी गाळ काढतंय, कुणी बाटल्या फेकतंय, ड्रायव्हर गुडघाभर चिखलात. तुतीचं रोप ओपानं मुळासकट अलगद काढून काठाला लावायला दिलं. आणि पाणी निघालं! खळाळत, वळणं घेत खालच्या चौकात पोचलं. इतका आरडाओरडा झाला की कबुतरं उडाली. इल्हाम साहेब ओल्या बुटांनी नाचले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पाट राहिला.

गर्दी चौकाकडे गेल्यावर मी चष्मा द्यायला परत आलो. ओपा दानियारच्या पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी खुशीत होतो, बोलून गेलो, "ओपा, खरंच येणार ना तो? काही कळलं का?"

"नाही रे हमदम," ती म्हणाली. "तो येत नाही आता. पण येणार म्हटल्याशिवाय माझ्यानं ती कुदळ उचलवली नसती."

मी चपला काढल्या आणि तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसलो.