शिट्टीशिवाय रिव्हर्स

ड्रायव्हरकाकांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि एवढ्या वर्षांत कोणाला साधा धक्का लावला नाही. माणूस सोडा, कोंबडीसुद्धा नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि दिवसातून दोनदा सांगायचे, म्हणून काकू म्हणायच्या, "कोंबड्या हुशार असतात हो, गाडीत कोण बसलंय ते बघून पळतात."

निवृत्त झाल्यावर वर्षभरात दोघं लेकीकडे परदेशात राहायला आले. काकूंना थंडीने हैराण केलं, पण काका मात्र खूश. हा माणूस मुळातच चौकस. पहिल्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या कचऱ्याच्या पेट्यांचे रंग पाठ केले. शेजारचा म्हातारा कुत्र्याला किती वाजता फिरवतो, सिग्नल किती सेकंदांनी बदलतो, पोस्टाची बाई कोणत्या दाराशी जास्त वेळ थांबते, सगळं त्यांना माहीत. लेक म्हणायची, "बाबा, लोक पोलिसांना बोलावतील हं." काका म्हणायचे, "बोलावू देत. त्यांची गाडी जवळून बघायला मिळेल."

लेक तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात, महिन्यातून दोनदा घरी. सहा वर्षांची नात, घर, ड्युट्या, सगळं ती एकटीच ओढत होती, आणि तिचा चेहरा पार उतरून गेला होता. अशात तिला बढती मिळाली. पूर्ण वॉर्डाची मुख्य नर्स! पण कामाची वेळ सकाळी सहाची. नातीची शाळा अकरा किलोमीटरवर, आठ वाजता भरणारी, आणि त्या बाजूची बस नऊला. म्हणजे रोज सकाळी कोणीतरी पोरीला गाडीने सोडायला हवं.

"कोणीतरी म्हणजे? मी आहे ना!" काका म्हणाले. "एकतीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं सोडली. एक पोरगी जड आहे का?"

पण इथेच घोडं पेंड खात होतं. त्या देशात काकांचं लायसन्स चालत नव्हतं. नव्याने परीक्षा द्यायची. तीन वेळा संधी, आणि तिसऱ्यांदा नापास झालात की सहा महिने दारात उभं करत नाहीत. बढतीचा कागद लेकीने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. त्यावर शेवटी दोन चौकोन होते, एक 'स्वीकारते' आणि दुसरा 'स्वीकारत नाही'. दोन्ही कोरे. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत एकावर खूण करून तो परत द्यायचा होता.

पहिल्या परीक्षेला काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परीक्षा घेणारी बाई चष्मेवाली, हातात पेन्सिल, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशी. स्टेअरिंग भलत्या बाजूला, गिअर भलत्या हाताला, तरी काकांनी गाडी लोण्यासारखी चालवली. फक्त प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. आपल्याकडे वळणावर हॉर्न न देणारा ड्रायव्हर म्हणजे बेजबाबदार माणूस! पुढे फुटपाथवरून एक आजीबाई चालली होती. काकांनी तिलाही एक छोटासा, आदराचा हॉर्न दिला. म्हणजे, येतोय हो, जपून. आजीबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. चष्मेवालीने पेन्सिल चालवली.

"हॉर्न दिला म्हणून नापास?" काका घरी येऊन कडाडले. "मग गाडीला तो बसवलाय कशाला, शोभेला?"

दुसऱ्या परीक्षेला त्यांनी हॉर्नला बोटसुद्धा लावलं नाही. सगळं झकास झालं. शेवटी चष्मेवालीने गाडी दोन प्लास्टिकच्या शंकूंमध्ये मागे घ्यायला सांगितली. "मागे घ्या" हे तिथल्या भाषेतलं वाक्य लेकीने त्यांना शिकवूनच ठेवलं होतं. काकांनी रिव्हर्स टाकला, काच खाली केली आणि थांबले.

चष्मेवाली थांबली. काका थांबले. एक मिनिट गेलं. तिने पुन्हा सांगितलं. काकांनी मान डोलवली, आणि तरी थांबले.

कशाची वाट बघत होते? शिट्टीची! एकतीस वर्षांत काकांनी शिट्टीशिवाय गाडी मागे घेतलीच नव्हती. कंडक्टर खाली उतरणार, गाडीच्या मागे उभा राहणार, तुटक-तुटक शिट्ट्या म्हणजे येऊ द्या, लांब शिट्टी म्हणजे थांबा. त्यातली शेवटची बावीस वर्षं तर एकच कंडक्टर. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरची शिट्टी वाजली की काकांचा पाय आपोआप हलायचा. आता शिट्टी नाही तर पायही हलेना. शेवटी लाजेकाजेस्तव त्यांनी गाडी मागे सोडली आणि डावीकडचा शंकू आडवा झाला.

त्या दिवशी ते ताटावरून अर्धपोटीच उठले. लेक हळूच म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. मी कळवते नाही म्हणून. पुढच्या वर्षी बघू." ती हसून म्हणाली, आणि तेच काकांना जास्त लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिसरी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. रविवारी लेक त्यांना मोकळ्या मैदानात घेऊन गेली. ती मागे उभी राहून हाताने खुणा करायची तेव्हा काका केसभरही चुकायचे नाहीत. ती आत येऊन शेजारी बसली की गाडी तिरकीच जायची. काकू मागच्या सीटवरून बघत होत्या. "पस्तीस वर्षं संसार माझ्याशी," त्या म्हणाल्या, "आणि पाठीमागे बघायला माणूस लागतो तो मास्तर!"

काकांच्या डोक्यात मात्र आता वेगळाच किडा शिरला. इथल्या बसमध्ये तर कंडक्टरच नाही. मग ती मागे घेतं कोण? हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवसापासून ते रोज अकराची बस पकडून पहिल्या सीटवर बसायला लागले. चालवणारी बाई दणकट, सतत काहीतरी चघळणारी. दारं आपोआप उघडायची, तिकीट यंत्र द्यायचं, पुढचा थांबा कुठून तरी एक गोड आवाज सांगायचा. काका सगळं मनात टिपून घेत होते. शेवटच्या थांब्यावर आता ही बस मागे घेणार म्हणून ते सावरून बसायचे, आणि बाई एका गोल बागेला वळसा घालून बस आल्या दिशेला तोंड करून उभी करायची. आठ दिवस रोज तेच.

"मागे येतच नाही!" काकांनी घरी येऊन जाहीर केलं. "अगं, रस्तेच असे केलेत की बसला मागे यायलाच लागत नाही!"

"हे बघायला आठ दिवस गेला होतात?" काकू म्हणाल्या. "दूध आणायला सांगितलं की गुडघा दुखतो तुमचा."

फ्रिजवरचा कागद तसाच होता. पाणी घ्यायला गेलं की ते दोन कोरे चौकोन डोळ्यांसमोर यायचे, म्हणून काका हल्ली पाणीच कमी प्यायला लागले होते.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी मास्तरला फोन लावला. इथली सकाळ म्हणजे तिकडची दुपार, मास्तर जेवून आडवा झाला होता.

"मास्तर, एक विचारायचंय. तू मागे उभा राहायचास तेव्हा नेमकं काय बघायचास? आधी चाक, की आधी कोपरा? सगळं सविस्तर सांग, मी लिहून घेतो." आणि मग काकांनी शंकूपासून कागदापर्यंत सगळं रामायण सांगितलं. "पोरीचं माझ्यामुळे अडलंय रे," ते म्हणाले.

मास्तर उठून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसलास तर."

"बोल."

"माझी शिट्टी नुसती नावाला होती. तू आधीच आरशात बघून घ्यायचास. मान अशी इतकीशी वळायची तुझी. गाडी हलायची आणि मग मी शिट्टी फुंकायचो. कैक वेळा तर मी मागे बघतही नव्हतो, टपरीवाल्याशी गप्पा मारत असायचो."

"काय?" काका खुर्चीतून उठलेच. "बावीस वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर माझं काम काय राहिलं असतं? तू आपला एकटाच घ्यायचास गाडी मागे. फक्त तुला माहीत नव्हतं."

काकांनी रागाने फोन ठेवला. मग किल्ली घेऊन फाटकाच्या आत उभ्या असलेल्या लेकीच्या गाडीत जाऊन बसले. त्यांना आता वेगळीच उत्सुकता लागली होती. आपण आरशात बघत होतो, तर काय दिसत होतं आपल्याला? डाव्या आरशात भिंत होती, मागचं चाक होतं, त्या दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती. त्यांनी गाडी बोटभर मागे घेतली. जागा तेवढीच राहिली. स्टेअरिंग जरा वळवलं, जागा कमी झाली. अरेच्चा! काकांनी पुन्हा केलं. दुपारपर्यंत त्यांनी ती गाडी त्या एवढ्याशा जागेत साठ वेळा तरी पुढे-मागे केली. काकू खिडकीतून बघत होत्या, पण या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. वाढलेलं ताट मात्र दोनदा गरम केलं.

परीक्षेच्या दिवशी लेक रजा काढून सोबत आली. चष्मेवाली तीच, पेन्सिलही तीच. वळणं झाली, सिग्नल झाले, एक आजीबाई पिशवी घेऊन गेली आणि काकांनी तिच्याकडे बघून नुसती मान लववली. मग ऑफिससमोरच्या पटांगणात, जिथे लेक वाट बघत उभी होती, आले ते दोन शंकू.

"मागे घ्या," चष्मेवाली म्हणाली.

काकांनी रिव्हर्स टाकला. त्यांनी डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं, मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. मग ओठांचा चंबू करून स्वतःच हळू शिट्टी घातली, तुटक-तुटक, येऊ द्या, येऊ द्या. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवून ती आत शिरली, आणि काकांनी एक लांब शिट्टी मारून ब्रेक दाबला.

चष्मेवालीने दार उघडून खाली बघितलं. पलीकडच्या बाजूला जाऊनही बघितलं. मग ती त्यांना काहीतरी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मागून धावत आलेल्या लेकीने सांगितलं, "बाबा, पास! आणि त्या विचारतायत, शिट्टी कशासाठी?"

"सांग त्यांना, आमच्या मास्तरची आहे," काका म्हणाले.

लेक कागद आणायला ऑफिसात गेली. काकांनी बाहेरच्या बाकावर बसून लगेच फोन लावला. "मास्तर, झालो रे पास! तुझ्यावर चिडलो होतो त्या दिवशी, पण खरं सांगितलंस म्हणून झालं. आरशात बघून घातली, एका दमात!"

पलीकडून मास्तर हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"हसतोस काय?"

"आता सांगायला हरकत नाही," मास्तर म्हणाला. "थापा मारल्या मी. तू बावीस वर्षांत एकदाही मागचं बघितलं नाहीस. आरशात बघायचास, पण भांग नीट आहे का ते! मी डोळ्यांत तेल घालून उभा असायचो. माझी शिट्टी चुकली असती तर दोन टपऱ्या आणि एक शाळेची भिंत गेली असती, शपथ सांगतो. संध्याकाळी घरी गेलो की छाती धडधडायची माझी."

काकांनी वर बघितलं. समोर शंकू तसेच उभे होते, सरळ.

"मग त्या दिवशी असं का बोललास?"

"काय करणार मग? इतक्या लांबून शिट्टी ऐकू आली असती का तुला?"

मग मास्तरनेच पुढे विचारलं, "पण आरशातलं काही येत नव्हतं तुला. मग गाडी मागे घातलीस तरी कोणाच्या भरवशावर?"

"तुझ्याच," काका म्हणाले. "तू म्हणालास ना, मला येतं म्हणून."

मास्तर घाईघाईने म्हणाला, "बरं, ठेव आता. आणि पोरीला सोडताना भांगाकडे बघू नकोस."

लेक बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात लायसन्सचा कागद होता आणि दुसऱ्या हातात फ्रिजवरचा तो कागद. तो तिने सकाळीच घडी करून पर्समध्ये टाकला होता. 'स्वीकारते'वर तिने तिथेच, बाकाच्या फळीवर ठेवून खूण केली. मग तिचं वडिलांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"बाबा, काय झालं? कोणाचा फोन होता?"

"माझ्या कंडक्टरचा," काका म्हणाले. "एक नंबरचा खोटारडा माणूस आहे." त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली घ्यायला हात पुढे केला.