मिठाच्या चकतीवर गोमूत्र

मी हात लावला म्हणून सरांनी नळीवर गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. वर्गातली पोरं बघत होती.

परभणीच्या एका कॉलेजात मी झाडूवाली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात आमची घरं पेटवली, तेव्हा पालमकडून इथं आलो. प्रयोगशाळेत सरांची हातभर लांब लोखंडी नळी होती. तिच्यात हायड्रोजन वायू दाबून भरायचा. एका तोंडातून डोळ्यांना न दिसणारा उष्ण प्रकाश सोडायचा. वायूनं त्यातला किती गिळला, ते दुसऱ्या तोंडाशी मोजायचं. गुरू आणि शनी याच वायूचे, इथं मोजलं की तिथली हवा कळते, असं सर पोरांना सांगायचे. शनिवारी शनीला तेल वाहून यायचे आणि त्याची हवा मोजायला बसायचे.

साध्या काचेतून तो प्रकाश जात नाही. म्हणून नळीच्या तोंडांना मिठाच्या चकत्या. मीठ ओल सोसत नाही. त्या खोलीत ओलं फडकं न्यायचं नाही, हा सरांचाच नियम. मी तो कधी मोडला नाही.

त्या दिवशी एका पोराचा धक्का लागला. रिकामी नळी टेबलावरून घरंगळली. मी झेलली. सर म्हणाले, "ठेव खाली. लांब हो." पिशवीतून बाटली काढली. थेंब चकतीवर पडले. रुमालानं पुसले. त्याच रुमालानं मग ओठ पुसले.

दुसऱ्या दिवशी चकती पांढरी, आंधळी. प्रकाश पार जाईना. सरांनी मला बोलावलं, एक कागद आणि शाईची डबी पुढं सरकवली.

"अंगठा लाव. तुला कायम करायचं माझ्याच हातात आहे."

मी चौथी शिकलेली. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी कागद वाचला. मी ओल्या फडक्यानं चकती पुसली, असं त्यात लिहिलेलं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण शाईची डबी परत सरकवली. भीतीनं नाही, किळसेनं.

"गोमूत्र तुमीच शिंपडलंत, सर. पोरांनी बघितलंय. मी अंगठा देणार न्हाई."

"लय शिकलीस की गं. उद्यापासून येऊ नको."

टेबलावरचा पेन घेतला. त्याच कागदावर, मजकुराखाली, घडलं तसं लिहिलं. वाकड्या अक्षरांत पूर्ण नाव घातलं आणि प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

काम गेलं. जाऊ दे. माझा हात ज्याला बाटवतो, त्याचं पाप मी या हातानं माझ्या नावावर घेणार नाही. आज नाही, उपाशी मरतानाही नाही.