ताई पालथी पडली तेव्हा

पालघरला शियात्सूच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा एकदा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सरावासाठी घरचं माणूस आणा." मी आमच्या गावाहून, एडवणहून, ताईला आणलं.

आई गेल्यावर ताईने शाळा सोडली, केळी-पानवेलींची वाडी सांभाळली आणि मला शिकवलं. म्हणून मी आज बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बसते. मी तसं मागितलं नव्हतं. तिनेही कधी बोलून दाखवलं नाही. तेच जास्त टोचतं.

बाई सांगत होत्या, "शि म्हणजे बोट, आत्सु म्हणजे दाब. जपानात अंग रगडायची 'आन्मा' नावाची जुनी पद्धत होती, तिच्या मुळाशी चीनचं वैद्यक. त्यातूनच गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे उभं राहिलं. शरीरात 'की' नावाची शक्ती वाहते, ती अडते तिथे दाब द्यायचा, असं ते मानतात. तेल नाही, कपडे अंगावरच. ताकद लावायची नाही. आपला भार अंगठ्यावर सोडायचा, समोरच्याच्या श्वासाबरोबर."

ताई गादीवर पालथी पडली आणि लगेच उठून बसली.

"दिवसाढवळ्या अशी लोळत पडू? मला नाय जमणार गो."

कशीबशी समजूत घातली. खांद्याच्या पात्याशी अंगठा टेकवला, तर तो आत जाईचना. माझ्या खांद्यांवर बाईंनी दाखवलं होतं, तेव्हा त्यांचा अंगठा सहज रुतला होता. वर्षानुवर्षं ओझी वाहून ताईचा खांदा दगड झाला होता. ती सगळी वर्षं त्याच दुपारी काढून टाकायची असल्यासारखी मी जोर लावू लागले. ताई श्वास रोखून पडून होती.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यांना दुखतंय. थांबा जरा."

मी हात सैल केले. हळूहळू ताईचा श्वास लांबला आणि ती चक्क सगळ्यांसमोर झोपली. तिला दिवसा झोपलेली मी प्रथमच पाहत होते.

जागी झाली ती ओशाळून. "तुझे अंगठे दुखले आसतील माझ्यापायी," म्हणत माझेच हात चोळू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

आता दर रविवारी मी एडवणला जाते. ती न सांगता चटई अंथरते. खांदा थोडा सैल झालाय, वेल बांधायला हात वर जातो म्हणते. सोमवारी त्याच खांद्यावरून ती केळीचे घड वाहते आणि मी पंख्याखाली कामाला बसलेली असते.