आबांची विहीर

भर रस्त्यात थांबून आबा काठी डांबरावर आपटत आणि म्हणत, "हितं हीर व्हती." मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत. आबा हलत नसत. तुम्ही शिरूरचे असाल, तर त्यांना शिव्या घालून पुढे गेला असाल.

इंग्रजांची छावणी पडली, तेव्हा आबांचा पणजा मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठी आला. छावणीबाहेरची पहिली विहीर त्याने खणली. त्याचं नाव बिरू. टोपलीने माती उपसणारी त्याची बायको ठकू. गावाच्या इतिहासाचं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे सगळं आबांनी मला घरी बोलावून सांगितलं. मागणं एकच होतं. "दोघांची नावं घाल, मास्तर. तिचंबी घाल."

मी घातली होती. पण पुस्तक समितीच्या अध्यक्षांनी ती ओळ खोडून तिथे आपल्या आजोबांचं नाव लिहिलं. छापायला जाणाऱ्या त्या प्रतीवर मी सही केली. राग अध्यक्षांचा येतोच, पण त्या सहीचा जास्त येतो. कुणी माझा हात धरला नव्हता.

प्रकाशनानंतर आबा पुस्तक घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच," म्हणाले. मी एक पान उघडलं आणि छापलेलंच नव्हतं ते घडाघडा वाचलं, बिरू, ठकू, टोपलीसकट. आबांनी डोळे पुसले. घोंगडीचा एक धागा तोडून त्या पानात खूण म्हणून ठेवला.

बाजाराच्या दिवशी त्यांनी तेच पान न्हाव्यापुढे धरलं. न्हाव्याने खरं ते वाचलं. दाढीला बसलेला एकजण म्हणाला, "आबा, तुमचा पणजा पाण्यात पडला का काय? हितं तर दिसंना." दुकान हसलं.

तसेच ते माझ्या शाळेच्या फाटकाशी आले. आवाज चढवला नाही.

"वाचताना समदं तोंडपाठ व्हतं तुला. मंग छापताना काय झालं?"

पुस्तक माझ्या हातात देऊन ते गेले. नंतर रस्त्यात भेटले, तरी त्यांनी कधी रामराम घातला नाही.

यंदा आबा वारले. मी मयतीला मागे उभा होतो. दौंडहून आलेल्या जावयाने विचारलं, "आबांची आन् तुमची वळख कशी, पाव्हणं?"

"इथे शाळेत शिकवतो," मी म्हणालो. पुस्तकाचं नाव काढलं नाही.