गंगीची सात हजार पावले

माझ्या आईने तीन आठवड्यांत सुमारे दीड लाख पावले चालून पाचशे ग्रॅम वजन वाढवले, आणि मी त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरणही तयार केले होते.

आईचे दोन्ही गुडघे झिजले होते. दोन वर्षांत ती आमच्या गच्चीवर चढली नव्हती. तिथून पहाटेच्या धुक्यात तरंगणारा पन्हाळा दिसतो; तो पुन्हा पाहायचा, एवढाच तिचा हट्ट होता. डॉक्टर म्हणाले, "गुडघे बदलू. पण आधी पाच किलो वजन उतरवा आणि खुर्चीत बसून मांड्यांचे हे व्यायाम करा." खुर्चीत बसून! मला (जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी., तेही सुवर्णपदकासह!) ही योजना फारच मिळमिळीत वाटली. मी तीत सुधारणा केली: रोज पहाटे सात हजार पावले. आईच्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला आणि भिंतीवर आलेख लावला.

आलेख देखणा होता. वजनकाटा मात्र उलट बोलत होता.

"स्नायू चरबीपेक्षा जड असतात, आई."

"व्हय की," म्हणत आईने ओठांवरची पांढरी रेघ पुसली. (तिची नोंद मी केली नाही. आलेखात तसा रकानाच नव्हता!)

एकविसाव्या दिवशी पट्ट्याने एकोणीस हजारांचा आकडा दाखवला. अभिमानाने भारावून दुसऱ्या पहाटे मी गुपचूप तिच्या मागे निघाले. धुक्यात रस्ता विरघळला होता. दिवे, झाडे, माणसे सगळेच अर्धवट आठवलेले. दोनशे पावलांवर, दूधकट्ट्याशी आई थांबली. म्हशी उभ्या होत्या, चरवीत धारा वाजत होत्या. आई बाकावर टेकली आणि पट्टा काढून गवळ्याला दिला. त्याने तो सराईतपणे गंगी नावाच्या म्हशीच्या शिंगात अडकवला. गंगीने डोळे अर्धे मिटले आणि कुठल्याशा दूरच्या कुरणात हरवून ती संथपणे मान डोलवू लागली.

"आई!"

"आलीस व्हय? बस की. गरम हाय, घे गलासभर."

"काल एकोणीस हजार कसे झाले?"

गवळी अदबीने म्हणाला, "काल माश्या लई हुत्या, ताई."

"आई, मला सांगायचं तरी!"

आईने गुडघा चोळला. "दोनशे पावलांतच जीव जातोय, पोरी. पण त्यो आलेख बघून तू अशी हसायचीस... मोडू कसा?"

मी तिच्याशेजारी बसले आणि दूध प्याले. (दोन पेले.)

त्याच दिवशी आलेख उतरला. खुर्चीतले मिळमिळीत व्यायाम सुरू झाले, आईचे दूध बंद झाले. वजन रडतखडत उतरले आणि शस्त्रक्रियाही झाली. त्यानंतर चौथ्या महिन्यात, एका धुकट पहाटे, कठडा धरून एकेक पायरी चढत आई गच्चीवर पोहोचली. पन्हाळा तिची वाट पाहत तरंगतच होता.

मी खालच्या वळणावर धापा टाकत उभी होते. कट्ट्यावरचे दूध तिने सोडले होते, मी नव्हते.

"दमलीस व्हय?" वरून आवाज आला. "ऱ्हाऊ दे. गंगीला पाठवून दे वर!"